बुडलात, परत रत्नागिरी

आमच्या घरमालकांनी बुडवला नाही असा माणूस रत्नागिरीत शोधून काढावा लागेल. पोस्टमन बुडाला, दूधवाला बुडाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेलं अख्खं मंडळ एकामागोमाग एक बुडालं, एका जाहीर कार्यक्रमात प्रमुख पाहुणे गळ्यातल्या हारासकट बुडाले, आणि मी तर त्यांचा भाडेकरूच असल्यामुळे माझ्या बुडण्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. यातल्या एकाच्याही पायाला पाणी लागलं नाही. सगळे बुडाले ते घरमालकांच्या झोपाळ्यावर, कोरडे ठणठणीत, आणि ओटीवर बुडालेल्या प्रत्येकाला घरमालकीण काकूंनी कोकम सरबत दिलं. याचं कारण असं, की आमचे घरमालक एका व्हिडिओ गेमला संगीत देत होते. संगीत जवळजवळ पुरं झालं होतं. गेम तेवढा नव्हता.

नव्व्याण्णव साली बँकेने माझी साताऱ्याहून रत्नागिरीला बदली केली. तेव्हा जागा शोधताना घरमालक या जातीचा मला बराच अनुभव आला. एकाने आम्ही अंडी खातो का ते विचारलं, दुसऱ्याने वर्षाला पाहुणे किती येतात ते, आणि तिसऱ्याने माझ्या सासऱ्यांना एकदा पाहायला मागितलं. आमच्या घरमालकांनी यातलं काही विचारलं नाही. चिऱ्याच्या भिंतींचं कौलारू घर, पुढे ओटी, ओटीवर पितळी कड्यांचा ऐसपैस झोपाळा, झोपाळ्यासमोर स्टुलावर एक कीबोर्ड आणि कीबोर्डमागे बनियन-पायजम्यातले एक किडकिडीत गृहस्थ. ‘बसा,’ ते झोपाळ्याकडे बोट दाखवून म्हणाले. ‘तुम्हाला ताल कळतो?’ जागा हवी असलेला माणूस नाही कसं म्हणेल? मी म्हटलं, ‘थोडाफार कळतो.’ ‘अरेरे,’ ते अगदी मनापासून म्हणाले. ‘मग तुमचं कठीण आहे. पण बसा.’ मी बसलो. ते वाजवू लागले. चाल कानाला बरी वाटली म्हणून मी पायाने हलकेच एक झोका घेतला. संगीत थांबलं. ‘बुडलात,’ घरमालक म्हणाले. ‘परत रत्नागिरी.’ मी बायकोकडे पाहिलं, तिने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, ‘जागा मागच्या बाजूला आहे. तिथे आवाज कमी येतो.’ आम्ही ती घेतली.

घरमालक बंदर खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या आणि नोकरीबाहेर गावातल्या हौशी नाट्यमंडळात संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. साथ करणाऱ्याचं दुःख साथ करणाऱ्यालाच माहीत. गाणारा नट लहर लागली की पद सोडून संवादात शिरायचा, आठवण झाली की संवाद सोडून पदात परत यायचा. वन्समोअर त्याला, हार त्याला, आणि तो जाईल तिथे त्याच्यामागे धावायचं काम ऑर्गनवाल्याला. ‘जन्मभर मी दुसऱ्याच्या मागून चाललोय,’ असं ते म्हणत. तक्रार म्हणून नव्हे, आपला रक्तगट सांगावा तसं. पुढे नाटकं थांबली, ऑर्गन वाळवीने खाल्ला, आणि गल्लीत त्यांचं ‘मास्तर’ हे नाव तेवढं मागे राहिलं.

मग शेजारचा बशीर मस्कतहून रजेवर आला. मास्तरांच्या आणि त्याच्या घरामध्ये जांभ्या दगडांचा एक कमरेइतका गडगा, बाकी काही नाही. बशीरने मुलांसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता आणि एक कीबोर्ड. गेमवर पोरं तुटून पडली. कीबोर्डला कोणी विचारेना, तेव्हा बशीरने तो गडग्यावरून मास्तरांना देऊन टाकला. मास्तर आभार मानायला गेले आणि टीव्हीसमोर टेकले. पडद्यावरचा बुटका इसम उड्या मारत होता आणि मागे टिंवटिंव संगीत चाललं होतं. इसम खड्ड्यात पडून मेला. संगीत चालूच. तो जिवंत झाला, पुन्हा मेला, संगीत तेच. मास्तर अस्वस्थ झाले. ‘माणूस मेला,’ ते म्हणाले, ‘आणि वाजवणाऱ्याला पत्ता नाही. ही काय रीत झाली? साथ करतोय की घड्याळाला चावी दिलीय?’ ते घरी आले ते गेमचं संगीत कसं असावं हे जगाला दाखवून द्यायचं ठरवूनच. जगाने त्यांना विचारलं नव्हतं, पण जग कुणालाच विचारत नाही, असं त्यांचं मत होतं.

‘पण गेम कुठाय?’ हा प्रश्न मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारला. हिशेब जुळल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. ते म्हणाले, ‘नाटकात नांदी कधी होते?’ ‘पडदा उघडायच्या आधी.’ ‘तेव्हा नाटक कुठे असतं?’ असा युक्तिवाद आमच्या शाखेत कोणी केला असता तर त्याला कर्ज मिळालं नसतं, पण रत्नागिरीत तो चालून गेला.

गेम नव्हता तरी गेममध्ये काय आहे हे मास्तरांना नक्की ठाऊक होतं. एक माणूस रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने केळशीला निघाला आहे. वाटेत पाच खाड्या: काळबादेवीची, आरे-वाऱ्याची, जयगडची, दाभोळची आणि आंजर्ल्याची. प्रत्येक खाडी तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, ओलांडायची. झोपाळा म्हणजेच ती होडी. सुरांत भरती असेल तोवर दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. ओहोटी लागली की झोका घ्यायचा. काठ आला की थांबायचं. चुकलात की बुडलात, आणि बुडलात की परत रत्नागिरी, अगदी पहिल्यापासून. भरतीसाठी ते कीबोर्डवरचा चर्चच्या ऑर्गनचा खालचा आवाज वापरत, ओहोटीला बासरी, तरवाल्याच्या हाकेला ट्रम्पेट. त्या कीबोर्डला हेलिकॉप्टरचं एक बटण होतं. ते दाबून ते मचव्याचं इंजिन काढत. वाळूतल्या कुर्ल्यांची पळापळ तर त्यांनी अशा काही बारीक इलेक्ट्रॉनिक टिकटिकीत बसवली होती, की माझी बायको पाय वर घेऊन बसायची आणि त्यातच बुडायची. खऱ्या होड्या भरतीतही चालतात, हे मी एकदा दबकत सुचवून पाहिलं. ‘त्या सरकारी,’ ते म्हणाले.

ताल कळणारे लवकर बुडतात, हा त्यांचा सिद्धांत मी स्वतःवर सिद्ध होताना पाहिला. समेवर पाय आपोआप उचलला जातो आणि पाणी काही सम पाहून चढत-उतरत नाही. पण या सिद्धांताची खरी परीक्षा झाली ती त्यांच्या नाट्यमंडळातले जुने गायक नट भेटायला आले तेव्हा. दिवाळीचा फराळ, जुन्या आठवणी, आणि मग मास्तरांनी त्यांना झोपाळ्यावर बसवलं. ऑर्गनचा पहिला सूर ऐकताच नटवर्यांचे डोळे मिटले, उजवा हात कानाकडे गेला आणि त्यांनी आलाप सुरू केला. आलाप रंगला तसा झोपाळाही हलला. मास्तरांनी डाव्या हाताने भरती चढवत नेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदा गाणाऱ्याच्या मागून धावायचं नाही हे त्यांच्या बोटांना कळत होतं. आलाप समेवर आला, नटवर्यांनी दाद मिळवायला डोळे उघडले. ‘बुडलात,’ मास्तर म्हणाले. नटवर्यांना वाटलं वन्समोअर मिळाला. त्यांनी पुन्हा आलाप घेतला आणि ते पुन्हा बुडाले. चकलीचा डबा घेऊन परत जाताना ते मला म्हणाले, ‘हात अजून चांगला आहे, पण साथ करायचं विसरला हो.’

त्या काळात रत्नागिरीत दर दोन दुकानांआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. पूर्वी जिथे भाताची गिरण होती तिथेही आता एसीची खोली, काचेचा दरवाजा आणि बाहेर चपला. अशाच एका क्लासचे चालक मास्तरांची कीर्ती ऐकून आले. गळ्यात टाय, हातात व्हिजिटिंग कार्ड. ‘काका, म्युझिक तुमचं, ग्राफिक्स आमचं,’ ते म्हणाले. ‘हिरो कसा दाखवायचा?’ ‘हिरो दिसत नाही,’ मास्तर म्हणाले. ‘मग स्क्रीनवर काय?’ ‘पाणी.’ ‘आणि?’ ‘पलीकडचा काठ. धुकं असलं तर तोही नाही.’ ‘व्हिलन?’ ‘भरती.’ चालकांनी टाय सैल केला. ‘काका, मुलांना फायरिंग लागतं. गोळ्या झाडायला कोणीतरी हवं.’ मास्तरांनी यावर खरोखरच विचार केला. ‘खाडीवर असतो कोण? तरवाला,’ ते म्हणाले. ‘त्याला मारलंत तर पलीकडे नेणार कोण?’ चालक काळबादेवीलाच बुडाले, सरबत प्याले आणि निघून गेले. पुढे त्या काचेच्या दरवाजामागे झेरॉक्सचं दुकान आलं.

या सगळ्या काळात घरात काकू होत्या, ही गोष्ट सांगायची राहूनच जाते, कारण त्यांनी कशाबद्दल कुरकुर केली नाही. त्या ओटीच्या कोपऱ्यात आमसुलं वाळत घालत आणि जाता-येता बातम्या पुरवत: ‘यांनी आज सकाळी गॅसवाल्याला बुडवलंनी. जिन्याखाली सिलिंडर ठेवून गेला, पैसे न्यायचे विसरला.’ त्या स्वतः एकदाच झोपाळ्यावर बसल्या होत्या. पुढे का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, ‘मला केळशीला जायचंच नाही. तिथे यांची आत्या आहे.’

प्रमुख पाहुण्यांची हकीकत मात्र गावभर झाली. एका सांस्कृतिक मंडळाने नव्या युगातलं संगीत अशा काहीतरी नावाचा कार्यक्रम ठरवला आणि मास्तरांना वादनासाठी बोलावलं. मास्तर झोपाळ्यासह गेले. मंडपाच्या तुळईला कड्या अडकवून झोपाळा टांगला, आणि तो रिकामा बरा दिसत नाही म्हणून आयोजकांनी प्रमुख पाहुण्यांनाच त्यावर बसवलं. पाहुणे नियम ऐकण्याच्या वयाचे आणि पदाचे नव्हते. त्यांनी बसल्याबरोबर झोका घेतला, कारण त्यांच्या मते झोपाळा त्यासाठीच असतो. मास्तरांनी भरती वाजवली, पाहुणे डोलत राहिले. मास्तर थांबले. अशा माणसाला बुडलात असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मास्तरांनी माइक जवळ ओढला आणि बंदर खात्यात जाहीर सूचना वाचाव्यात तशा आवाजात म्हणाले, ‘प्रमुख पाहुणे बुडालेले आहेत. त्यांनी कृपया रत्नागिरीत परत यावं.’ शाल-श्रीफळ आधीच देऊन झालं होतं म्हणून बरं. त्यानंतर त्यांना कुठल्याही मंडळाने बोलावलं नाही. ‘उथळ पाणी,’ एवढंच ते त्या पाहुण्यांबद्दल म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, हा एका निवृत्त माणसाचा चाळा. मीही तेच म्हणत होतो. पण एकदा रविवारी मी दाभोळला बुडून सरबत पीत बसलो होतो, तेव्हा सहज विचारलं, ‘केळशीला पोचल्यावर काय वाजतं?’ मास्तरांचा चेहरा बदलला. ‘एक चाल आहे,’ ते म्हणाले. ‘लहानशी. सगळ्यात आधी तीच सुचली. बाकीचं सगळं तिच्यासाठी केलं.’ मी म्हटलं, ‘वाजवा की.’ ‘तुम्ही पोचलात कुठे?’ ‘अहो, नुसती ऐकवा.’ ‘तुमच्या बँकेत न भरलेले पैसे नुसते काढून बघता येतात?’ मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘कोणीतरी पोचायला हवं हो. नाहीतर ती माझ्याबरोबरच जायची. लिहून ठेवता येत नाही, आणि पोचल्याशिवाय ऐकवली तर ती चार सुरांची शिट्टी. तिच्यात काय आहे?’ केळशी त्यांचं गाव. लहानपणी वडिलांबरोबर ते याच पाच खाड्या उलट्या क्रमाने ओलांडून रत्नागिरीला शिकायला आले, आणि नंतर एक आत्या सोडली तर तिकडे त्यांचं काही उरलं नाही. मी म्हटलं, ‘दापोलीमार्गे एसटी आहे की.’ ‘तिच्यात खाड्या लागत नाहीत,’ ते म्हणाले. ‘मग गेल्यासारखं वाटत नाही.’ त्या दिवसापासून मी झोपाळ्यावर जरा नेटाने बसू लागलो. आंजर्ल्यापर्यंत दोन-तीनदा गेलोही. पुढे नाही.

ज्याला ही चाल ऐकायला मिळाली तो मात्र आमच्यातला कोणी नव्हता. बशीरची बायको हमीदाभाभी नवऱ्याला पत्र लिहीत नसे, कॅसेट भरत असे. त्या घरांतून तशी पद्धतच होती. परदेशी फोन लावला की सगळं लक्ष बूथवाल्याच्या मीटरवरच्या पळत्या आकड्यांवर. म्हणून मनातलं सारं दुपारी टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि मस्कतला जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून कॅसेट पाठवून द्यायची. कौलं शाकारली, बकरी व्याली, धाकट्याला दात आला, लोणच्याला यंदा कैऱ्या बऱ्या मिळाल्या. आणि दुपारी सगळी गल्ली झोपलेली असताना जागा असे तो एकटा मास्तरांचा कीबोर्ड. भाभी गडग्यावरून ओरडत, ‘मास्तर, जरा बंद ठेवा, कॅसेट भरतंय मी.’ मास्तर आवाज कमी करत. बंद करत नसत. अशा कितीतरी कॅसेटींतून कौलं, बकरी आणि लोणच्याच्या मागे पाच खाड्या मस्कतला गेल्या, आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

बशीर पुढच्या रजेवर आला त्याच दिवशी, दोरीने करकचून बांधलेले खोके अजून सोडायचे होते, तेव्हा चहाच्या वेळेला गडगा ओलांडून आला आणि झोपाळ्यावर बसला. ‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘मना बुडवा बघू.’ मास्तरांनी सुरुवात केली. काळबादेवी गेली. आरे-वारे गेलं. जयगडला मास्तर एक फसवी ओहोटी वाजवत; बासरी येते, पण तिच्याखाली ऑर्गन बारीक चालूच असतो. तिथे निम्मं गाव बुडालं होतं. बशीरचे पाय हलले नाहीत. ‘अजून पाणी हाय,’ तो स्वतःशीच पुटपुटला. मास्तरांनी चमकून वर पाहिलं. काकूंनी आमसुलांची सुपली खाली ठेवली. दाभोळला मचव्याचं इंजिन जवळून गेलं, लाटा आल्या, लाटा विरल्या, मग बशीरने झोका घेतला. तोवर गल्लीतली माणसं ओटीखाली जमली होती आणि कोळीण पाटी डोक्यावर तशीच घेऊन उभी होती. ‘लवकर पोचवा हो त्याला,’ ती म्हणाली, ‘माझी मासळी उन्हात हाय.’

आंजर्ल्याची खाडी सगळ्यांत वाईट. तिथे मास्तर हात उचलून मांडीवर ठेवत आणि काहीच वाजवत नसत. संपलं समजून माणूस हलायचा आणि बुडायचा. मी असाच बुडायचो. बशीर बसून राहिला. मास्तरही बसून राहिले. बऱ्याच वेळाने मास्तरांनी एका बोटाने बासरीचा एक सूर दाबला, इतका हळू, की मला आधी वाटलं लांब कुणाच्या तरी दाराची कडी वाजली. बशीरने पायाने जमीन लोटली. झोपाळा पुढे गेला, मागे आला, थांबला. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाकीचे सगळे जा.’ आम्ही सगळे म्हणजे अक्षरशः सगळे, काकूंसकट, कोळणीसकट, फाटकाबाहेर गेलो. ओटीचा दरवाजा लागला. आम्ही कान देऊन उभे होतो, पण ऐकू आलं ते फक्त कोळणीच्या पाटीवरच्या माश्यांचं घोंगावणं. जरा वेळाने बशीर बाहेर आला. सगळ्यांनी त्याला गराडा घातला. ‘पोचलो,’ एवढंच तो म्हणाला, आणि आपल्या घरी जाऊन खोके सोडू लागला.

त्याला वाट कशी ठाऊक, हे त्याने नंतर मला सांगितलं. तिकडे खोलीत वरच्या बंकवर पाय सोडून तो कॅसेटी ऐके, आणि हमीदा बोलायची थांबली की मागून मास्तर येत. कोण कुठे बुडालं याच्या बातम्याही ती देई, त्यामुळे चुकायचं कुठे नाही ते कळे. ‘आंजर्ल्याला ती पण गप व्हायची,’ तो म्हणाला. ‘म्हणायची, झालं वाटतं मास्तरांचं. आणि मंग तो सूर यायचा.’ परत जायच्या आधी त्याने मास्तरांकडे एक मागणं मागितलं: हमीदा बोलेल आणि तुम्ही शेजारी बसून पहिल्यापासून सगळं वाजवा, एका कॅसेटमध्ये. मास्तर त्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून गडगा ओलांडून गेले. आंजर्ल्यापर्यंत सगळं वाजवलं. शेवटचं वाजवलं नाही. ‘ते इथे येऊन ऐकायचं,’ ते म्हणाले. ‘तिकडे बसून पोचता येत नाही.’

त्यानंतर मास्तर पुष्कळ बदलले. म्हणजे बुडवणं चालूच होतं, पण आता बुडालेल्याला ते शेव-चिवडाही देत. माझी बदली झाली त्या संध्याकाळी सामान ट्रकमध्ये चढत असताना त्यांनी मला शेवटचं म्हणून झोपाळ्यावर बसवलं. मी सगळा जीव कानांत आणला. काळबादेवी, आरे-वारे, जयगड, दाभोळ, एकेक खाडी मागे पडली. आंजर्ल्याला शांतता झाली. मी पाय घट्ट रोवून बसलो. या खेपेला हलायचंच नाही असं ठरवलं होतं. मास्तरही स्तब्ध. किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी त्यांनी घसा खाकरला. ‘लाइट गेले,’ ते म्हणाले. आतला दिवा खरोखरच विझलेला होता. ‘मग?’ मी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत मला पाहून पाणी आलं होतं हे मी शपथेवर सांगतो, पण नियम तो नियम. ‘बुडलात,’ ते म्हणाले. ‘उरलेलं पुढच्या खेपेला.’ ती खेप आली नाही. दोन पावसाळ्यांनंतर बशीरचा फोन आला, की मास्तर गेले. मी ऑफिसात होतो. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ समोर आलेल्या माणसाचं बोलणं मला समजेना.

पुढे काही वर्षांनी एका लग्नासाठी रत्नागिरीला गेलो. काकू मुलीकडे राहायला गेल्या होत्या, घराला कुलूप होतं. गडग्यापलीकडून हाक आली. बशीर मस्कत कायमचं सोडून आला होता, केस पांढरे झाले होते, आणि त्याच्या ओटीवर पितळी कड्यांचा तो झोपाळा टांगलेला होता. चहा झाल्यावर मी विचारलंच, ‘बशीरभाई, शेवटची चाल कशी होती?’ तो हसला. ‘कसं सांगू? तुम्ही बुडलेले.’ मग उठून आत गेला, ती कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि मला म्हणाला, ‘बसा.’

कॅसेट सुरू झाली. हमीदाभाभींचा तरुणपणचा आवाज कौलांबद्दल बोलू लागला आणि त्याच्या मागून मास्तर आले. खऱ्या हमीदाभाभी दाराशी पदर तोंडावर घेऊन लाजत उभ्या होत्या. मला कधी नव्हे तो ताल कळेनासा झाला होता, आणि तेच बरं झालं. जयगडला बासरी आली, मी हललो नाही. दाभोळला लाटा जाऊ दिल्या. आंजर्ल्याला सगळं थांबलं, कॅसेटमधल्या भाभी म्हणाल्या, ‘झालं वाटतं मास्तरांचं,’ आणि माझा पाय उचलता उचलता राहिला. मग तो एक सूर आला. मी जमीन लोटली. कॅसेट खट्टकन थांबली. बशीर भाभींना म्हणाला, ‘हमीदा, तू आत जा.’ ‘माझ्या बोलण्यावर ते पोचले,’ भाभी म्हणाल्या, ‘आणि मीच आत जाऊ?’ पण गेल्या.

बशीरने ओटीचा दरवाजा लोटला आणि ती चाल शिट्टीवर वाजवून दाखवली. खरंच लहानशी आहे. मास्तरांची मला त्या क्षणी इतकी आठवण आली, की मी साताऱ्याचा माणूस, केळशी कधी न पाहिलेला, झोपाळ्याची कडी धरून रडलो. चाल कशी आहे ते इथे लिहिणं अवघड नव्हतं. चार ओळींत मावली असती. पण वाचणाऱ्यांना ती सांगता येत नाही. तुम्ही अजून रत्नागिरीतच आहात.